आधी स्वतः बसून बघायचं

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. हे आधीच सांगून टाकते, कारण त्याचं जे झालं ते त्याच्या धंद्याच्या सवयीपायी झालं, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होते. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं सांगायला माझी जीभ रेटत नाही, पण आता सुरुवात केलीच आहे तर तेही सांगते.

आमची आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि मी सोळाची. वडील दिवसभर कामावर, त्यामुळे त्याला न्हाऊ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं माझ्या गळ्यात. माझं लग्न गावातल्या गावात झालं म्हणून बरं, नाहीतर हा पोरगा माझ्या ट्रंकेत बसून सासरी आला असता. बोलायचा फार कमी. विचारलं तर उत्तर, नाहीतर तोंडाला कुलूप. म्हणून घरात सगळे त्याला गप्पू म्हणायचे, आणि अडतिसाव्या वर्षीही मी त्याला गप्पूच म्हणते.

विसाव्या वर्षी तो लिफ्टच्या कंपनीत लागला. तिथल्या वस्तादाने त्याला एक नियम शिकवला. दुरुस्ती झाली की लगेच कुणाला आत घ्यायचं नाही, आधी स्वतः बसून बघायचं. तळापासून वरपर्यंत आणि वरून तळापर्यंत तीन फेऱ्या, प्रत्येक मजल्यावर दार उघडून, मिटून. मग मशीनच्या खोलीत टांगलेल्या कार्डावर तारीख आणि सही. इमारतीतली माणसं खाली पिशव्या घेऊन ताटकळायची, कपाळाला आठ्या घालायची, आणि हा आपला आत एकटा वर-खाली करत असायचा. इतक्या वर्षांत त्याच्या हातच्या लिफ्टमध्ये कुणाचं बोटही चेमटलं नाही. मला त्याचं कौतुक होतं. माझ्या भावजयीने मात्र याच स्वभावापुढे हात टेकले.

त्यांचं लग्न सहा वर्षं टिकलं. दारू नाही, मारहाण नाही, दुसरी बाई नाही. कुठेतरी लिफ्ट अडकायची आणि हा भरल्या ताटावरून उठायचा, एवढंच. घरी असला तरी असून नसल्यासारखा. ती बोलकी, हसरी, चार माणसांत रमणारी. "मी भिंतीशी संसार करतेय," असं ती एकदा मला म्हणाली होती. मी अर्थातच भावाची बाजू घेतली. तिला नाही नाही ते बोलले, तोंडावरही आणि पाठीमागेही. घरबुडवी हा त्यातला सगळ्यात सौम्य शब्द होता. मुलगी दोन वर्षांची असताना ती वेगळी झाली. कोर्टाने मुलगी आईकडे दिली आणि गप्पूला एक सोडून एक रविवार दिला, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच.

त्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. दोन मिनिटं एका जागी ठरत नाही.

पहिल्याच रविवारी गप्पू तिला तळ्यावर होडीत बसवायला घेऊन गेला. होडीला दोरी बांधलेली, वर पाटी, 'आज बंद'. पोरगी आधी होडीसाठी रडली, मग भुकेने रडली, मग तिची चड्डी ओली झाली आणि याने दुसरी आणलीच नव्हती. साडेअकराला तो तिला घेऊन परत दारात उभा. भावजय म्हणाली, "एक रविवारसुद्धा नीट जमू नये तुला?" ती रागावून बोलली नव्हती म्हणे, दमून बोलली होती. त्याला तेच जास्त लागलं.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यानंतर गप्पूने एकही रविवार नशिबावर सोडला नाही. शनिवारी त्याचं काम दुपारी संपायचं. दुसऱ्या दिवशी भिंगरीला जिथे न्यायचं असेल तिथे तो शनिवारी दुपारी एकटा जायचा आणि सगळं आधी करून बघायचा. तिचा रविवार नसला त्या आठवड्यातही शनिवारी जायचा, पुढची जागा शोधायला. घसरगुंडीवर हात फिरवायचा, झोक्याच्या कड्या ओढायचा, मुलांच्या आगगाडीत बसून फेऱ्या मारायचा. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तो सांगायचा, शनिवारी दुपारी जादा काम असतं. मीही खुळी, त्याला डबा पाठवायचे.

त्याची वही मी नंतर वाचली. लिफ्टच्या कार्डावर असतात तसेच रकाने आखलेले. अक्षर लहान मुलासारखं गोल.

"पक्ष्यांचं उद्यान. फाटकापासून बदकांपर्यंत लहान पावलांनी नऊ मिनिटं. बाक चार, एक डुगडुगतो. अकरानंतर सावली नाही. पाणी आहे, चव बरी."

"बाहुल्यांचा खेळ. मध्ये एकदम अंधार होतो, अंदाजे चाळीस सेकंद. तिला आधी सांगून ठेवणे."

"मोठी बाग. मधल्या घसरगुंडीचा पत्रा खाली वर आलाय, हात कापेल. माळ्याला सांगितलं. पुढच्या शनिवारी परत बघणे. मुलींच्या संडासाची कडी उंच."

"आगगाडी. तीन फेऱ्या मारल्या. वळणावर डावीकडे कलते. तिला उजवीकडे बसवणे."

लहान पावलांनी म्हणजे काय ते मला आधी कळलंच नाही. हा सहा फुटी माणूस भिंगरीच्या पावलाच्या मापाने चालून बघत होता, तिला किती वेळ लागेल ते मोजायला.

रविवार मात्र सुरेख जायचे. बाहुल्यांच्या खेळाला एकदा मी माझ्या जुळ्या नातवंडांना घेऊन त्यांच्याबरोबर गेले होते. भिंगरी माझ्या कानात म्हणाली, "आत्या, आता अंधार होणार आहे. घाबरू नकोस, चाळीस मोज." तेवढ्यात अंधार झाला. सगळी मुलं किंचाळली, माझी दोन्ही कार्टी माझ्या पदराला लोंबकळली, आणि ही पोरगी ठामपणे एकतीस, बत्तीस म्हणत होती. एकोणचाळीसला दिवे लागले तर बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, एक राहिला." गप्पू मोठ्याने हसला. मी त्याला असं हसताना किती वर्षांत पाहिलं नव्हतं.

तीन वर्षं अशी गेली. मग त्याने कोर्टात अर्ज केला, की मुलीला शनिवारी रात्री त्याच्याकडे मुक्कामाला राहू द्यावं. त्याला आयुष्यात तेवढंच हवं होतं, की ती झोपेतून उठावी ती त्याच्या घरात. तिच्यासाठी त्याने छोटा पलंग आणला. आठ दिवस स्वतः त्यावर मुटकुळं करून झोपला, कुठे करकरतो का बघायला, आणि मान आखडून घेतली. भावजयही नरमली होती. "शाळेला सुट्टी लागली की बघू," असं म्हणाली होती. तिच्या तोंडचं 'बघू' म्हणजे जवळजवळ होच.

आता माझ्याकडे येते.

माझी मुलगी आणि जावई दोघं नोकरी करतात, जुळी दिवसभर माझ्या ताब्यात. चार वर्षांची दोन पोरं घरात कोंडून ठेवली तर घराची धर्मशाळा होते, म्हणून मी त्यांना रोज कुठे ना कुठे हिंडवते. आमच्या इथे आईबापांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, मुलांना घेऊन कुठे जायचं त्याचा. चारशेच्या वर माणसं. कुठल्या बागेतली वाळू बदलली, कुठल्या वाचनालयात गोष्टी सांगतात, पोहण्याच्या कुठल्या तलावाचं पाणी कोमट असतं, सगळं तिथे कळतं. मी त्यात अशी रमले की मुलगी म्हणाली, "आई, तुला पगार देतात का गं?" माझ्या शब्दाला तिथे वजन होतं. गप्पू ग्रुपात नव्हता, त्याला लिहायचा कंटाळा. तिथलं काही चांगलं दिसलं की मीच त्याला फोन करून सांगायचे. भावजय मात्र होती. आम्ही दोघी एकमेकींच्या निरोपांना कधी उत्तर देत नसू.

एका शनिवारी दुपारी जुळ्यांना दूध देत होते, तेवढ्यात शेजारच्या सुनेने मला एक फोटो पाठवला. मोठ्या बागेतली मुलांची आगगाडी, मागून आणि लांबून काढलेली. शेवटच्या डब्यात एक मोठा माणूस एकटाच बसलाय, गुडघे पार हनुवटीला टेकलेले, डोक्यावर टोपी. मला आधी हसू फुटलं. म्हटलं, हा कोण उंट डब्यात कोंबलाय! मग खालचा मजकूर वाचला. 'हा दर शनिवारी येतो. बरोबर मूल नसतं. घसरगुंड्यांवरून हात फिरवतो. मुलींच्या संडासाच्या दाराशी घुटमळताना पाहिलाय. लहान मुलांसारखं चालून दाखवतो.'

माझं डोकं फिरलं. माझी दोन पोरं त्याच आगगाडीत बसतात. क्षणाचाही विचार न करता मी तो फोटो चारशे माणसांना पाठवला आणि खाली स्वतःचं लिहिलं, 'मुलांना नजरेआड करू नका. असल्या माणसांना वेळीच ठेचलं पाहिजे.' अर्ध्या तासात साठ-सत्तर उत्तरं आली. कुणी आभार मानले, कुणी म्हणालं, काकू, तुम्ही आहात म्हणून बरं. त्या दुपारी मी स्वतःवर फार खूश होते.

पुढच्या आठवड्यात तो फोटो छापून बागांच्या फाटकांवर लागला. तो गप्पूच्या नजरेला पडला की नाही, देव जाणे. पडला असता तरी स्वतःची पाठ कोण ओळखतं?

त्या आठवड्याच्या शनिवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, जरा पोलीस चौकीत येतेस का?" एवढंच बोलला. मला वाटलं, चौकीची लिफ्ट बिघडली आणि हा तिथे पडलाबिडला. चौकी बैठी आहे हेही मला सुचलं नाही.

तो बाकावर बसला होता. सदऱ्याची बाही फाटलेली, खालचा ओठ सुजलेला. बागेत सात-आठ बापांनी मिळून धरला होता त्याला. टेबलावर वही उघडी होती आणि साहेब त्यातलं वाचत होते. "मुलींच्या संडासाची कडी उंच. हे कशाला लिहिलंय?"

गप्पू म्हणाला, "तिचा हात पोचत नाही."

"कुणाचा?"

"मुलीचा. उद्या तिचा रविवार आहे."

साहेबांनी वही मिटली. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, बहीण. मग त्यांनी त्यांचा मोबाइल माझ्यासमोर धरला. तोच फोटो, हातोहात फिरत आलेला, पाठवणाऱ्याचं नाव नसलेला, आणि खाली माझंच वाक्य, ठेचलं पाहिजे. बाजूला बाकावर तो बसला होता, गुडघे जवळ घेऊन, मांडीवर टोपी. ज्या पाठीला मी साबण लावला, जी पाठ थोपटून झोपवली, ती मला ओळखता आली नव्हती. मी त्या मोबाइलकडेच बघत उभी राहिले. साहेब म्हणाले, "बसा बाई, पाणी घ्या." त्यांना वाटलं, मी भावाच्या काळजीने अशी झाले.

त्याला तासाभरात सोडलं, गुन्हा काहीच नव्हता. पण लोकांनी सुतावरून स्वर्ग गाठला होता आणि तिथून खाली यायला कुणी तयार नव्हतं. ज्या इमारतींच्या लिफ्ट त्याने इतकी वर्षं सांभाळल्या, त्यांतल्या तीन इमारतींनी कंपनीला कळवलं, हा माणूस आमच्याकडे नको, आमच्याकडे मुलं आहेत. कंपनीने त्याला एका शीतगृहात टाकलं, मालाच्या लिफ्टवर. तिथे खोक्यांशिवाय कुणी वर-खाली जात नाही. आमचे हे म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी." मी मान डोलावली. ग्रुपवरचा तो फोटो मी पुसायला घेतला, तेव्हा मोबाइलने विचारलं, सगळ्यांसाठी की फक्त तुमच्यासाठी? सगळ्यांसाठी पुसायची मुदत टळून गेली होती. मग फक्त माझ्यासाठी पुसला.

मुक्कामाचा अर्ज बारगळला. चौकशी होईपर्यंत रविवारही बंद. चौकशीत काही निघालं नाही, तरी रविवार परत मिळाले नाहीत. महिन्यातून दोन शुक्रवार मिळाले, एकेक तास, कोर्टाच्या इमारतीतल्या एका खोलीत, समुपदेशक बाईंच्या देखत.

मी भावजयीकडे गेले. तीन वर्षांत तिच्या दाराची पायरी चढले नव्हते. तिने आत घेतलं, खुर्ची दिली, चहा टाकला. भिंगरी शाळेत होती. भिंतीवर तिने काढलेलं आगगाडीचं चित्र होतं, उजवीकडच्या खिडकीत एक मुलगी.

मी म्हटलं, "तुला माहितीये तो तसा नाहीये."

"मला माहितीये, ताई. फोटो बघताक्षणी ओळखला मी. सहा वर्षं पाठच बघितलीय मी त्याची, कामावर जातानाची."

"मग ग्रुपवर एक ओळ लिही ना. की हा माझ्या मुलीचा बाप आहे, तिच्यासाठीच जायचा म्हणून."

तिने कप खाली ठेवला. "लिहायला घेतलं होतं मी. मग विचार केला, आज लोकांना फक्त टोपी माहितीये. मी लिहिलं की उद्या शाळेत सगळ्यांना कळेल, ती याची मुलगी. निम्मे लोक मानतील, निम्मे नाही. जे मानणार नाहीत ते तिला वाढदिवसाला बोलावणार नाहीत. पाच वर्षांची आहे हो ती."

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. तिने मला थांबवलं.

"आणि मी कशाला लिहायचं? ज्यांनी टाकला त्यांनी लिहावं. ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी." ती रागाने बोलत नव्हती. "मला आधी वाटलं, तुम्ही ओळखूनच तो फोटो टाकलात की काय. मग कळलं, नाही, तुम्ही ओळखलंच नाहीत. त्याला मी सांगितलेलं नाही, ताई. सांगणारही नाही. तुमच्याशिवाय त्याला आहे कोण?"

जिला मी घरबुडवी म्हटलं, तिने माझी लाज राखली. मी तो चहा कसा प्यायले मला आठवत नाही. रस्त्यावर येऊन एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि मोबाइल काढून लिहिलं, 'तो फोटो मी पाठवला होता. तो माझा भाऊ आहे. माझी चूक झाली.' तीन वाक्यं. पाठवायच्या खुणेवर बोट नेलं आणि भिंगरीचा वाढदिवस आठवला. खोटं कशाला बोलू, भिंगरीचा नंतर आठवला. आधी आठवला गप्पूचा चेहरा, हे कुणीतरी त्याला दाखवल्यावरचा. मी तिन्ही वाक्यं पुसली.

दुसऱ्या शुक्रवारनंतर गप्पू माझ्याकडे आला. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. मी न विचारता बोलायला लागला, यावरूनच कळलं की सहन होत नाहीये. खोलीत एक टेबल आहे, म्हणाला, फळा आहे, अर्धी रंगवलेली चित्रांची पुस्तकं आहेत. पंखा आवाज करतो. भिंगरी तासभर खुर्चीवर शांत बसली. भिंगरी, शांत! निघताना म्हणाली, "बाबा, तू आधी येऊन बघितलं नाहीस का? इथे काहीच नाहीये." समुपदेशक बाईंनी ते वाक्य लिहून घेतलं.

मी पोळपाटावरचं पीठ उगाच पुसत राहिले.

"ताई," तो म्हणाला, "तू आहेस ना त्या ग्रुपात? तो फोटो तिथे पहिल्यांदा कुणी टाकला, जरा शोधून देशील? मी भांडणार नाही. वही दाखवीन नुसती. ज्यांनी टाकला त्यांनी एकदा वाचली तर त्यांना कळेल. मग त्यांनी एवढंच लिहून द्यावं, की चूक झाली. वकील म्हणतात, तेवढ्यावर रविवार परत मागता येतील."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. त्याच्या समोर, दोन हातांवर मी उभी होते. सांगायची ती वेळ होती. त्याने वही आणली होती, माझ्या ओट्यावर ठेवली होती.

मी म्हटलं, "बघते शोधून."

या गोष्टीला आता पाच महिने झाले. भिंगरी शुक्रवारी यायला कुरकुर करते, मागच्या खेपेला आलीच नाही. तो एक तास त्या खोलीत बाईंच्या समोर एकटा बसला आणि मग माझ्याकडे आला. दर खेपेला येतो. चहा घेतो, कप विसळून ठेवतो आणि दाराशी चपला घालताना विचारतो, "सापडलं का गं काही?" मी म्हणते, शोधतेय रे, चारशे माणसं आहेत. माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटतं.

"राहू दे, ताई," तो म्हणतो. "किती त्रास करून घेतेस माझ्यासाठी."